घुमटाचें मोठेपण

जगांत सर्वांत मोठें काय, सर्वांत उंच काय, सर्वांत लांब काय, हें पाठ करण्याची विद्यार्थ्यांना मोठी हौस असते. आणि खरें सांगावयाचें तर ती हौस त्यांना आम्हां शिक्षकांनींच लावलेली असते. मागील वर्षीं वर्गांत घुमटांविषयीं बोलतां बोलतां आम्हीं अमेरिकेतील 'सुपरडोम' नांवाच्या क्रीडागृहाची माहिती सांगितली. आंकडे फळ्यावर लिहिले व मुलांनीं ते वहींत उतरून घेतले. परंतु तास संपतां संपतां एका मुलानें असा प्रश्न केला कीं, आम्हांस आमचाच धडा पुनः तपासून पाहावा लागला.

हें क्रीडागृह लुइझियाना संस्थानांत न्यू ऑर्लिन्स शहरीं आहे. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्याचा चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो व खेळाडू तो हातांत घेऊन धांवतात. अवघें मैदान घुमटाखालीं घेण्याची कल्पना ह्यूस्टन शहरीं १९६५ सालीं 'ॲस्ट्रोडोम'च्या रूपानें साकार झाली होती. दहा वर्षांनीं, ३ ऑगस्ट १९७५ रोजीं, सुपरडोम उघडलें आणि त्यानें ॲस्ट्रोडोमलाही मागें टाकलें. याच्या घुमटाचा व्यास ६८० फूट व उंची २७३ फूट आहे. विजापूरच्या गोलघुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट. म्हणजे हा त्याच्या पांचपटींहूनही अधिक झाला! पोलादी तुळयांचें जाळें विणून छत तयार केलें असून, घुमटाचा बाहेर फांकूं पाहणारा रेटा सभोंवारच्या पोलादी कड्यानें आवळून धरला आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव जशी आवळून धरते तसाच हा प्रकार. त्यामुळें मैदानांत एकही खांब नाहीं, व सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांना खेळ निर्वेधपणें पाहतां येतो.

इतकें ऐकल्यावर तो मुलगा म्हणाला, "सर, मग संकटाच्या वेळीं साऱ्या गांवाला तेथें राहतां येईल, नाहीं?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. कारण ही परीक्षा त्या घराची एकदां झालेली आहे, आणि ती हकीकत आम्हीं सांगितलीच नव्हती.

२९ ऑगस्ट २००५ रोजीं 'कॅट्रिना' नांवाचें तुफान त्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खालीं असल्यामुळें पाणी बांध घालून अडविलेलें होतें. ते बांध फुटले व शहराचा सुमारें चार-पंचमांश भाग जलमय झाला. ज्यांच्याजवळ वाहन नव्हतें, जे वृद्ध वा आजारी होते, ज्यांस जाण्यास दुसरें ठिकाण नव्हतें, अशांकरितां अखेरचा आसरा म्हणून सुपरडोम मोकळें ठेवलें होतें. तेथें वीस हजारांहून अधिक माणसें जमलीं. वाऱ्यानें छपराचें बाहेरील आवरण सोलून काढलें व भोंकांतून पाणी गळूं लागलें. तथापि घुमट ढासळला नाहीं.

मग उणें काय पडलें? वीज गेली, जादा यंत्रावर कांहीं दिवे मात्र मिणमिणत राहिले. हवा थंड ठेवणारीं यंत्रें बंद पडलीं, नळ आटले, शौचकूप तुंबले, आणि भर उन्हाळ्याच्या उकाड्यांत दुर्गंधी असह्य झाली. आजाऱ्यांचे अतोनात हाल झाले. कांहीं जण तेथेंच मरण पावले. अखेर कांहीं दिवसांनीं त्या लोकांना मोटारगाड्यांतून बाहेर नेण्यांत आलें. त्यांतील हजारों जणांना आसरा कोठें मिळाला म्हणाल, तर ह्यूस्टनच्या त्या जुन्या, व्यासानें लहान असलेल्या ॲस्ट्रोडोममध्यें! तेथें खाटा मांडलेल्या होत्या, दिवे जळत होते, पाणी होतें, आणि मदतीस स्वयंसेवक होते.

पुढें सुपरडोमची दुरुस्ती झाली. २५ सप्टेंबर २००६ रोजीं तेथें पुनः सामना झाला व 'सेंट्स' या गांवच्या संघानें अटलांटाच्या संघावर २३-३ असा विजय मिळविला. घरेंदारें गमावलेल्या त्या नगरवासीयांना आपलें शहर पुनः उभें राहिल्यासारखें वाटलें.

ही हकीकत आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत सांगितली आणि आमच्याकडून राहून गेलें होतें हेंही कबूल केलें. ६८० फूट हा आंकडा खोटा नाहीं. ज्यांनीं तें छत तोललें त्यांचें गणित अचूक होतें. परंतु त्या छताखालीं संकटकाळीं येणाऱ्या माणसाला प्यावयास किती पाणी लागेल, आजाऱ्याची व्यवस्था कोण पाहील, हें गणित तितक्याच काळजीनें मांडलें गेलें नव्हतें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां मोठीं घरें, पूल अथवा धरणें बांधील. त्या वेळीं व्यास व उंची अवश्य मोजा; पण त्या मुलानें विचारलेला प्रश्न आधीं विचारा. तो आमच्या फळ्यावरील सर्व आंकड्यांहून अधिक मोलाचा होता.