धुतलेला पाऊच

जाफरगेटच्या रविवार बाजारात तो पाऊच मला दिसला तेव्हा त्यात नटबोल्ट भरलेले होते. चाचा नटबोल्ट विकत होते, पाऊच नाही. “फिर मैं नट काहे में रखूँ?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. शेवटी नटबोल्टसकट घेतला. आई म्हणाली, “हार्डवेअरचं दुकान टाकतोयस का?”

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हा नाद लागला तो बाबांच्या एनसीसीच्या पट्ट्यामुळे. जाड विणीची सुती पट्टी, पितळी बक्कल. तिची वंशावळ शोधत मागे गेलो आणि ब्रिटिश फौजेच्या ‘वेबिंग’पाशी पोचलो. बोअर युद्धात चामड्याच्या पट्ट्यांनी दगा दिला, म्हणून १९०८ मध्ये इंग्रजांनी सगळा साज सुती विणीचा केला. कंबरपट्टा, खांद्याचे पट्टे, पाठीवरची पिशवी, पाण्याच्या बाटलीची झोळी आणि दीडशे काडतुसांसाठी दहा कप्पे. पुढे १९३७ चा पॅटर्न आला, त्यात छोट्या कप्प्यांच्या जागी छातीवर दोन मोठे पाऊच. दुसऱ्या महायुद्धात तो भारतातही बनला आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या फौजेत बरीच वर्षं टिकला. म्हणून तर तो आपल्याकडे भंगारात सापडतो!

खांद्याच्या पट्ट्यांनी मला सहा महिने छळलं. ते पाठीवर एकमेकांना छेदतात, आणि दोघांपैकी एकालाच मधे एक फासा असतो, दुसरा त्यातून ओवायचा. मी हौसेनं दोन घेतले, दोन्ही बिनफाशाचे. म्हणजे जोडी नव्हेच, दोन सडेफटिंग. दुसरा मिळेपर्यंत ते खिळ्याला लटकून होते.

पण खरी चूक पाऊचची. तेलकट होता म्हणून साबणाच्या पावडरीत रात्रभर भिजत घातला. सकाळी बादलीतलं पाणी निळसर. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं कुणाचा तरी नंबर होता, हे मला तो जाताना कळलं. बाजारात काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर तिथे फक्त चाचांचा अंगठा.

त्याच आठवड्यात नाईक यशवंत घाडगेंबद्दल वाचत होतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीतले, वय बावीस. १० जुलै १९४४, इटली. तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. आधी बॉम्ब, मग टॉमीगन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्यानंच मारलं. ठाणं घेतलं आणि तिथेच ते शत्रूच्या गोळ्यांनी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचं नाव आहे.

मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, या वाक्यापाशी मी अडकलो. पाऊच कमरेला लावला, आत टीव्हीचा रिमोट ठेवला आणि फोनवर स्टॉपवॉच सुरू केलं. झाकण उघडून रिमोट हातात यायला चार सेकंद लागले. पंख्याखाली, अनवाणी, कुणी गोळी झाडत नसताना. पुन्हा केलं, साडेतीन.

मग झाकण उलटं करून दिव्याखाली धरलं. नीट तिरकं धरलं तर एक आकडा अजून दिसतो. सात असावा. आई म्हणते, एक आहे.