भ्रमणध्वनी आणि समुद्र

मराठीने मोबाइलला 'भ्रमणध्वनी' हे नाव दिले, तेव्हा भ्रमण हा या यंत्राचा गुण आहे असे गृहीत धरले होते. व्यवहारात मात्र भ्रमणालाच दंड बसला. सुरुवातीच्या वर्षांत पुण्याचा फोन 'महाराष्ट्र व गोवा' या परिमंडळातला आणि मुंबईचे परिमंडळ निराळे. म्हणजे पणजीत आपण घरचे आणि दादरला परके! २००३ पर्यंत तर आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. त्या काटकसरीच्या काळात 'मिस्ड कॉल' ही अक्षरांवाचूनची भाषा आपल्याकडे रुळली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. पुढे २०१७च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचा आकार काढला. त्याच वर्षी १५ जूनपासून युरोपीय संघाच्या देशांतही तो गेला.

उरला तो समुद्र. गेल्या वर्षी आम्ही उभयता सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो, तेव्हा हे ध्यानी आले. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की त्यावरचे स्वतःचे मोबाइल केंद्र सुरू होते आणि उपग्रहामार्फत जमिनीशी जोडले जाते. खिशातला फोन आपल्याला न विचारता त्याला जाऊन चिकटतो. परदेशासाठी घेतलेले पॅक बहुधा जमिनीवरच्या देशांपुरते असते. जहाजाचे दर वेगळे आणि चढे, तेही केलेल्या व आलेल्या दोन्ही फोनांना. युरोपातली ती सवलतही जहाजावरच्या उपग्रहजोडणीला लागू नाही. नुसते डेटा रोमिंग बंद करून भागत नाही, कारण आलेला फोन उचलला की मीटर सुरू. म्हणून नांगर उचलण्यापूर्वी फोन 'फ्लाइट मोड'वर टाकायचा. हवे तर त्यातच वाय-फाय चालू करून जहाजाचे ठरावीक शुल्काचे इंटरनेट घ्यायचे, नाहीतर पुढच्या बंदराची वाट पाहायची. आम्ही वाट पाहायचे ठरवले.

हे ठरवणे सोपे होते, सांगणे नव्हे. आमची आई ८४ वर्षांची. सदाशिव पेठेतल्या घरी रात्री नऊचा फोन हा तिच्या दिवसाचा पूर्णविराम. तिला उपग्रह समजावू लागलो, तेव्हा तिने मध्येच थांबवले. "म्हणजे फोन आला नाही, तर तुम्ही दोघं समुद्रात आहात असं समजायचं. एवढंच ना?" अडीनडीला म्हणून जहाजाच्या स्वागतकक्षाचा क्रमांक शेजारी देऊन ठेवला. मौनाचा अर्थ आधी ठरवून घेतला की त्याचे भय कमी होते, हे आम्ही वर्गात कवितेच्या संदर्भात अनेकदा बोललो असू. आईने ते एका वाक्यात उरकले.

पुण्यातच जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मागे राहिलेले गोपाळराव टपाल खात्यातले नोकर. इतरांची पत्रे मार्गी लावणारा हा गृहस्थ, पण आपल्या पत्नीचे पत्र जहाजाच्या गतीनेच येणार, हे त्याला इतर कोणाहून अधिक ठाऊक असणार. त्या दोघांच्या पत्रांत प्रेम आहे, तसा धाक आणि रागही आहे. पत्र लिहिणाऱ्याचा राग निवळून जातो, वाचणाऱ्याच्या हाती मात्र तो आठवड्यांनी ताजाच पडतो. अंतराची किंमत त्या काळी अशी वेळात मोजली जाई.

आज ती मिनिटांच्या दरात मोजली जाते. दर टाळता येतो. ते आम्ही टाळलेही, आणि त्यात चातुर्य होते असे कोणी म्हटल्यास नाकारणार नाही. परंतु बंदरावरच्या फुकट वाय-फायवरून लावलेल्या फोनवर आई प्रवासाविषयी काही बोललीच नाही. "काल नऊला मी तुळशीशी जरा जास्त वेळ बसले," एवढेच म्हणाली. वाचलेल्या पैशाचा हिशेब आम्हांला मांडता आला. त्या जास्तीच्या वेळाचा हिशेब तिच्याकडे होता, आणि तो तिने आमच्याकडे मागितला नाही.