विमानाच्या पोटाखाली

विमान ही वस्तू आपण बहुधा खालून पाहतो, आणि तीही फार लांबून. राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवरून उजळाईवाडीकडे उतरणारे विमान रोज दिसते; परंतु त्याला चेहरा नसतो. एक आकृती आणि एक घरघर, एवढाच त्याचा संसार. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत करवीर संस्थानाने तो विमानतळ उभारला, तेव्हापासून कोल्हापूरकर मान वर करून पाहत आले आहेत, आणि मान वर करून पाहिलेल्या वस्तूशी माणसाची ओळख होत नाही, हे देवळाच्या कळसाविषयी जितके खरे तितकेच विमानाविषयीही. लढाईतले विमान तर त्याहूनही दूरचे. ते वर्तमानपत्राच्या मथळ्यात असते, चित्रपटात असते, किंवा ज्यांच्यावर त्याने बाँब टाकले त्यांच्या आठवणीत असते.

असे एखादे विमान जमिनीवर निमूट उभे आहे, त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालता येते आणि वाकून त्याच्या पोटाखाली डोकावता येते, या कल्पनेनेच ज्यांच्या अंगावर काटा उभा राहतो असा एक पंथ जगात आहे. इंग्लंडात या पंथाची मोठी देवस्थाने आहेत. हेंडन आणि डक्सफर्ड येथे लोक विमानांचे क्रमांक वहीत टिपून घेत दिवसभर हिंडतात. आमच्या शेजारचे आप्पा याच पंथाचे. शिवाजी उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि हाताला कळते ते पुस्तकाला कळत नाही, अशी श्रद्धा. पुण्यास घोरपडीच्या युद्धस्मारकात कारगिलच्या लढाईतले मिग-23 ठेवले आहे, ते त्यांनी तीनदा पाहिले आहे. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. विमानाशी माझा परिचय दोन महायुद्धांवरील कवितांपुरता. तेव्हा मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला गोव्याला ओढून नेले ते माझ्या आवडीखातर नव्हे. गाडीत बोलायला माणूस हवा होता म्हणून.

आंबोली उतरून, सावंतवाडी मागे टाकून आम्ही दाबोळीस पोचलो. तेथून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आरमाराचे विमान-संग्रहालय आहे. 1998 साली ते सुरू झाले. जागा मोठी औचित्याची आहे. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय कॅनबेरा विमानांनी याच दाबोळीच्या धावपट्टीवर पहिल्या हल्ल्यात 63,000 पौंडांचे बाँब टाकले होते. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, आणि तो पाळला गेला. त्या दिवशी तेथे पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने उभी होती. त्यांतले एक कॉन्स्टेलेशन जातीचे. रात्रीच्या काळोखात, फुटक्या धावपट्टीवरून, ती दोन्ही निसटली. आज संग्रहालयाच्या आवारात सर्वांत मोठे विमान कोणते, तर सुपर कॉन्स्टेलेशन! हे अर्थात आपले; आधी एअर इंडियाचे, मग हवाई दलाचे, आणि 1976 नंतर समुद्रावर टेहळणी करण्यासाठी आरमाराचे. ज्या रात्री त्याचे एक भावंड येथून पळून गेले, त्याच माळावर हे निवृत्तीनंतर येऊन विसावले आहे. कादंबरीकाराने असा योगायोग जुळवला असता तर मी त्याचे गुण कापले असते.

आप्पांना मात्र या इतिहासाचे काही नव्हते. ते सरळ सी हॉकपुढे जाऊन उभे राहिले. सी हॉक म्हणजे ‘विक्रांत’वरचे लढाऊ जेट. आरमाराने ही विमाने काही ब्रिटनकडून घेतली, काही पश्चिम जर्मनीने वापरलेली घेतली. 4 डिसेंबर 1971 रोजी बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’वरून उडून यांनीच कॉक्स बझारवर हल्ला केला, आणि पुढे चितगावच्या बंदरावरही. त्या वेळी ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता आणि जहाजाचा वेग त्यामुळे कमी ठेवावा लागत होता. ही गोष्ट मला आप्पांनी सांगितली, आणि तीही अशा सुरात की जणू त्यांच्या चुलत्याचाच रक्तदाब वाढला होता.

माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची झाली. एवढेसे? लांबी अवघी चाळीस फूट. आमच्या गल्लीत उभे केले तर दोन घरांच्या दारांपुढे मावेल. एका माणसापुरती बैठक, आणि तीही अशी की जाड माणसाने नादच सोडावा. हाच प्राणी सातशे फूट लांबीच्या जहाजावर, तेही हलणाऱ्या, येऊन उतरत असे. शेपटीखाली एक आकडा आहे. विहिरीत पडलेली घागर काढायला आपण गळ टाकतो, त्याचा हा थोरला भाऊ. जहाजावर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एक या आकड्यात अडकला तर विमान थांबायचे, नाही तर पुन्हा उडून नव्याने प्रयत्न. त्या आकड्याकडे पाहताना माझ्या पोटात जो गोळा आला तो कोणत्याही युद्धकवितेने आजवर आणला नव्हता.

आप्पा पंखाखाली वाकले होते. जहाजावर जागा थोडी, म्हणून या विमानाचे पंख मध्ये मोडून वर उभे करतात. त्या बिजागरीपाशी त्यांची समाधी लागली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी मला खूण करून बोलावले.

“सर, हे रिबिट बघा. सगळी वळ सरळ, आन् हे एकच जरा तिरकं गेलंय. त्या दिवशी कुणाचा तरी हात हललाय.”

मी पाहिले. खरेच होते. कोण्या कारखान्यात, सत्तर वर्षांपूर्वी, एका कामगाराचा हात किंचित हलला. रात्री झोप झाली नसेल, घरी मूल आजारी असेल. त्याची ती खूण अर्धे जग ओलांडून आली, लढाई करून आली, आणि उद्यमनगरच्या एका माणसाने ती वाचली. हस्तलिखितात लेखकाची खाडाखोड सापडली म्हणजे आम्हा अध्यापकांना जो हर्ष होतो, त्याच जातीचा हर्ष आप्पांच्या मुद्रेवर होता. तेव्हापासून त्यांच्या छंदाला मी हसणे सोडले.

पलीकडे एक फायरफ्लाय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारासाठी लढलेल्या जातीचे हे विमान. आपल्याकडे आले ते नेमबाजीच्या सरावाचे निशाण दोरीने ओढत नेण्यासाठी. आमच्या कोल्हापुरात एके काळचा नामांकित मल्ल उतारवयात तालमीतल्या पोरांकडून मुकाट्याने पाठ टेकवून घेतो, तसे काहीसे. त्याच्याजवळ मी उगाच जास्त रेंगाळलो.

आणि आलिझे. फ्रेंच बनावटीचे, पाणबुड्या शोधणारे, पोटाखाली रडारचा घुमट असलेले. यात तीन माणसे बसत. 10 डिसेंबर 1971 रोजी या जातीचे एक विमान पाकिस्तानच्या स्टारफायटरने पाडले. तिघेही परतले नाहीत. पुस्तकात वाचताना ‘तिघे’ ही संख्या असते. येथे त्या बैठका किती जवळजवळ असतील याचा बाहेरूनच अंदाज येतो. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला कळावी एवढे ते अंतर. आप्पांनी पायातल्या चपला काढल्या होत्या, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. मी काही विचारले नाही.

परत आल्यावर आमच्या एका सहाध्यापकांनी मला छेडले. माणसे मारण्याची यंत्रे पाहायला एवढा प्रवास, आणि वर त्यात आनंद? प्रश्न सोपा नाही, आणि तो विचारणाऱ्याला भाबडा समजणे मला मान्य नाही. कॉक्स बझारच्या खाली कोणी नव्हते असे थोडेच आहे! तरी मला वाटते, शस्त्राचे खरे गारूड दुरून चालते. आकाशात ओळीने उडणारी विमाने पाहून छाती फुगते ती त्यांतला माणूस दिसत नाही म्हणूनच. पोटाखाली शिरल्यावर पत्रा किती पातळ आहे हे कळते, तेलाचे जुने डाग दिसतात, वाकडे रिबिट दिसते. छाती फुगायला तेथे जागाच उरत नाही. आणि आपल्याकडे हा हिशेब जुना आहे. खंडेनवमीला वाड्यातल्या तलवारीला झेंडूची माळ चढते, त्याच दिवशी आप्पांच्या लेथलाही चढते. हळदकुंकू वाहणाऱ्याने दोहोंत फरक केला नाही. त्यात त्याची चूक की शहाणपण, हे मला आजही ठरवता येत नाही. पण सी हॉकजवळ उभे राहून आप्पा जे करीत होते ते लढाईचे कौतुक नव्हते, एवढे मी शपथेवर सांगेन.

खरी खंत निराळीच आहे. ज्या ‘विक्रांत’वरून ही विमाने उडाली ते जहाज आज नाही. 1997 साली ते सेवेतून निघाले, 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून तरंगत होते, आणि 2014 मध्ये भंगारात निघून तोडले गेले. त्याचे थोडे पोलाद वितळवून पुण्याच्या बजाज कंपनीने 2016 साली एक मोटारसायकल काढली. आप्पांच्या कारखान्यातल्या एका मुलाजवळ ती आहे आणि तो तिला पुसतोही फार प्रेमाने. 2022 मध्ये त्याच नावाचे नवे जहाज आरमारात आले. नाव राहिले हे चांगलेच. पण सातशे फुटांचे जहाज सांभाळण्याचा खर्च आणि चाळीस फुटांच्या विमानाचा, यांत फरक आहे, आणि तेवढ्याच फरकावर एक गेले व दुसरे राहिले. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत विमान टिकवणे हेही सोपे नव्हे. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पांढरी पूड धरते, आणि ती आधी रिबिटांच्या डोक्यांभोवती धरते. हे ज्ञान अर्थातच आप्पांचे. वर्षातून एकदा रंग, दोनदा पुसणे, आणि सांध्यांत ग्रीस, असा त्यांनी दिलेला उतारा मी येथे नोंदवून ठेवतो.

परतताना आंबोलीला चहासाठी थांबलो. बाहेर धुके होते. आप्पांनी खिशातली वही काढून पंखाची ती बिजागरी आठवणीने काढली, आणि तिच्यातला खिळा किती जाडीचा असावा असे मला विचारले. मी एक इंच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि वहीत निराळाच आकडा लिहिला.