टोरांटोच्या सीडरला कृष्णाकाठचं जिप्सम

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ झाडं जाळतं, हे टोरांटोत कुणीही सांगेल. पण ते दोन वाटांनी जाळतं, आणि दुसऱ्या वाटेवरचा उतारा आपल्या सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे, हे कळलं आणि मी हरखूनच गेलो!

पहिली वाट हवेतली. गाड्यांच्या चाकांखालून उडालेलं खारं पाणी सीडर या सदाहरित झाडाच्या कोवळ्या कुंपणावर बसतं. हिवाळा सरताना बघा: रस्त्याकडची बाजू तपकिरी, घराकडची हिरवी, आणि बर्फात गाडलेला खालचा पाला दोन्हीकडून हिरवागार! बर्फाच्या आडोशानेच तो वाचला. मग वरच्या पाल्यालाही आडोसा द्यायचा. जमीन गोठण्याआधी रस्त्याच्या बाजूने खुंट ठोकायचे आणि गोणपाट ताणायचं. पाल्यापासून थोडं दूर, वरून उघडं. आणि जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहायचं, कारण सीडरची मुळं उथळ असतात.

दुसरी वाट मातीतली, आणि इथे तर कमालच आहे! मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात. क्लोराइड मुळांतून चढून पाला करपवतं, पण मातीतून ते पाण्याबरोबर सहज वाहूनही जातं. सोडियम मात्र चिकणमातीच्या कणांना धरून बसतं, कॅल्शियमला हुसकावतं. माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. अहो, ही तर चोपण जमीन! कृष्णाकाठी अती पाण्याने बिघडलेल्या उसाच्या रानांत हेच होतं. तिथे काय करतात? माती तपासून जिप्सम घालतात, निचरा काढतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातं. इथेही वसंतात नेमकं तेच करायचं: माती तपासा, सोडियम निघालं तर जिप्सम, मग सावकाश, खोलवर पाणी. दोन खंड, एकच रसायन!

आपल्या पायवाटेवर मिठाऐवजी वाळू टाका. खारा बर्फ कुंपणाच्या बुडाशी लोटू नका. आणि जिथे रस्ता साफ करणारी गाडी ढीगच लावते, तिथे सीडरऐवजी रुगोसा गुलाब लावा. पूर्व आशियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचं ते झुडूप, खारा वारा त्याच्या सवयीचा. बाकी सगळीकडे सीडर खुशाल लावा, तो जगवता येतो! फक्त गोणपाट पहिल्या बर्फाआधी आणून ठेवा.