पाणी बेताचे

रात्री नायगारा बारीक करतात, हे मला परवा कळलं. दुधाखालचा गॅस बारीक करावा तसा.

जावयाने सहलीची आखणी चालवली होती आणि मी शेजारी बसून, मदत करते आहे असं दाखवत, आयपॅडवर काहीबाही वाचत होते. त्यात हे सापडलं. १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात करार झाला. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर, सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत, धबधब्यावरून सेकंदाला निदान १ लाख घनफूट पाणी पडलंच पाहिजे. पाहुणे असतात ना! १६ सप्टेंबरपासून ऑक्टोबरअखेर हीच वेळ रात्री आठपर्यंत. एरवी, म्हणजे रात्री आणि सगळा हिवाळा, ५० हजार पुरे. उरलेलं पाणी दोन्ही देशांच्या वीजघरांकडे. त्यासाठी धबधब्याच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या बाजूने, नदीत १८ दारांचा बांध घातलेला आहे. रात्री दहा वाजले की कुठल्या तरी खोलीत कुणीतरी त्याची दारं हलवत असणार.

बत्तीस वर्षं मी सांगलीत भूगोल शिकवला. फळ्यावर नायगारा काढला, वर कठीण खडकाचा थर, खाली मऊ शेल, पाणी खालचा थर पोखरतं, वरचा कोसळतो, धबधबा मागे मागे सरकतो. दर वर्षी तीच आकृती, तोच निळा खडू. हे वेळापत्रक मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि आपण होऊन शोधावं असं मलाही कधी सुचलं नाही.

आखणीचं सांगायचं तर, इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने आम्हाला सहा महिने दिले. सांगलीहून निघताना सहा महिने म्हणजे केवढे वाटत होते! ह्यांनी तर डायरीत अमेरिकेचा नकाशा चिकटवून चारी दिशांना बाण काढले होते. इथे न्यू जर्सीत आल्यावर हिशेब कळला. जावयाची शिल्लक रजा नऊ दिवस. लेकीची सात, तीही नातवाच्या आजारपणासाठी राखलेली. म्हणजे सहा महिने हे नुसतं पातेलं, आत दूध नऊ दिवसांचं. बाकी सगळं लाँग वीकेंडवर लटकलेलं. मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे. आणि त्या तीन वेळी अख्खी अमेरिका रस्त्यावर.

तर जावयाने एक्सेलमध्ये तक्ता केला. ठिकाण, मैल, गाडीचे तास, मुक्काम आणि शेवटचा रकाना 'आई-बाबा'. त्या रकान्यात काय लिहितो म्हणून मी हळूच डोकावले. ग्रँड कॅन्यनपुढे 'उंची ७००० फूट, बीपी?' न्यूयॉर्कपुढे 'चालणं फार'. वॉशिंग्टनपुढे 'बाक आहेत'. मला तो मुलगा तेव्हा फार आवडला. टाइम्स स्क्वेअर त्याने आपण होऊनच लाल केलं होतं, ते बरंच झालं. दिव्यांची जाहिरात बघायला माणसं विमानाने जातात हे मला कळत नाही. नऊ दिवसांत नऊ शहरं दाखवणाऱ्या बसच्या सहलींचाही मी धसका घेतला आहे. आमच्या ओळखीचं एक जोडपं तसं जाऊन आलं. त्यांना आता फक्त हॉटेलांचे नाश्ते आठवतात, आणि तेही एकमेकांत मिसळलेले.

पण नायगाऱ्याने माझं डोकं फिरवलं. मी तक्त्यातल्या एकेका ओळीच्या मागे लागले. ग्रँड कॅन्यन? त्यातून वाहणारी कोलोरॅडो नदी १९६३पासून वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून सोडतील तेवढीच वाहते. वाळवंटातल्या शहरांत एसी सुरू झाले की विजेची मागणी वाढते, की धरणातून पाणी जास्त सुटतं, की खाली दरीत नदी चढते. शिकागो? तिथली नदी १९०० साली चक्क उलटी फिरवली, शहराची घाण पिण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून. एक योसेमिटी तेवढं सरळ निघालं. तिथला उंच धबधबा बर्फ वितळेल तोवर पडतो आणि ऑगस्टच्या सुमारास बहुधा आटतो. कुणाला विचारत नाही, कुणाशी करार नाही. "मग ऑगस्टमध्ये योसेमिटी नको," जावई म्हणाला आणि त्याने ती ओळ पुसली. मला उगाचच वाईट वाटलं.

पाणी सोडणारा माणूस आम्ही लहानपणी पाहिला होता. पहाटे सायकलवरून यायचा, दांडीला उलट्या टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी बांधलेली. रस्त्यातलं झाकण उघडायचा, चावी आत घालायचा आणि जात्यासारखी फिरवायचा. मग आमच्या कोंडाळ्यावरच्या नळाला आधी सुस्कारा, मग खोकला, मग पाणी. त्याला सगळी गल्ली चहा पाजायची. मामलेदाराला कुणी विचारलं नसेल एवढा.

आणि मग अर्थातच गिरसप्पा.

आता लोक जोग म्हणतात. आमच्या घरात दादा, म्हणजे माझे वडील, गिरसप्प्याचा धबधबाच म्हणायचे. ते झेडपीत कारकून होते आणि त्यांचा छंद एकच, रेल्वेचं वेळापत्रक वाचणं. न जाण्याच्या गावांच्या गाड्यासुद्धा त्यांना पाठ. १९६८च्या दिवाळीपासून त्यांनी गिरसप्प्याची आखणी सुरू केली. एका चोपडीत डाव्या पानावर गाड्या, उजव्या पानावर खर्च. मिरजेहून हुबळी रेल्वेने, तिथून एसटीसारख्याच दिसणाऱ्या पण लाल नसलेल्या बसने शिरसी, सिद्धापूर, जोग. त्यांना सगळं माहीत होतं. चार धारा, त्यांची नावं राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट. उंची ८३० फूट. "तुमचा नायगारा दोनशे फूटसुद्धा नाही," हे ते ज्याला त्याला ऐकवायचे, जणू नायगारा समोरच्याच्या मालकीचा. शरावती म्हणजे एके काळची सरहद्द, अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे म्हैसूर. "१९५६पर्यंत हा काठ आपला होता," असं ते अशा सुरात म्हणत की काठ कुणी भाऊबंदकीत बळकावलाय. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींना हा धबधबा बघायला चला म्हणून केवढा आग्रह केला होता आणि गांधीजी कसे गेले नाहीत, आकाशातून पडणारा पाऊस याहून उंचावरून पडतो असं त्यांनी कसं उत्तर दिलं, हेही त्यांना वाचून ठाऊक होतं. दादांना हे उत्तर मुळीच पटलं नव्हतं. गांधीजींचं त्यांना न पटलेलं बहुधा तेवढंच.

एवढं माहीत असलेला माणूस एक गोष्ट विसरला. सुट्टी मे महिन्यात होती.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. धबधब्याच्या वर लिंगनमक्कीचं धरण १९६४मध्ये पुरं झालं होतं.

१९६९च्या मेचा दुसरा आठवडा. आई, दादा, आम्ही तीन भावंडं आणि पुण्याची आत्या. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्या, लसणाची चटणी, आत्याचा आवळासुपारीचा डबा. दोन दिवस मजल दरमजल करत आम्ही त्या कठड्याशी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दादा सगळ्यांत पुढे. ते थांबले म्हणून आम्ही थांबलो.

समोर एक प्रचंड काळा कडा होता. वाकडा, चिरलेला, उन्हाने तापलेला. त्याच्यावर एका जागी ओलसर पट्टा होता आणि त्यातून एक धार, आत्या डोक्यावरून न्हाल्यावर केसांतून निथळते तशी, मध्येच वाऱ्याने मोडायची आणि खाली पोचायच्या आतच नाहीशी व्हायची. राजा कुठला, राणी कुठली, काही नाही. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, धबधबा कुठाय?"

दादांनी चष्मा काढला. नेहरू शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला. मग पुन्हा काढला. मी अकरा वर्षांची होते, पण काच स्वच्छ आहे हे मला दिसत होतं.

जवळच्या चहावाल्याला त्यांनी हातवारे करून विचारलं. तो म्हणाला, "नीरु इल्ला. मळेगाल बन्नी." पाणी नाही, पावसाळ्यात या. आत्याला मळे तेवढं कळलं. तिला वाटलं, पाणी कुठल्या तरी मळ्यात सोडलंय, आणि ती म्हणाली, "अरे मग मळ्यात जाऊ या की, एवढे आलोय तर." त्यावर आई जी हसत सुटली, ती पदर तोंडात कोंबून कठड्याशी बसलीच. आईला तशी हसताना मी त्याआधी पाहिली नव्हती. दादा हसले नाहीत. त्यांनी फिरकीचा तांब्या उघडला, प्रत्येकाला फुलपात्रातून पाणी दिलं, मग स्वतः प्यायले. आत्याने त्या कोरड्या कड्याला हात जोडले, आणि काही चुकायला नको म्हणून दहा पैसेही खाली टाकले.

स्टॉलवर भरल्या धबधब्याचं काळंपांढरं कार्ड मिळत होतं. दादांनी दोन घेतली. घरी आल्यावर एक काचेत बसवून भिंतीवर लावलं. आल्यागेल्याला ते बोटाने राजा, राणी दाखवायचे. "हे पाहिलं आम्ही." आम्ही भावंडं तेव्हा एकमेकांकडे बघत नसू.

ते गेल्यावर चोपडी माझ्याकडे आली. डाव्या पानावर गाड्या, उजव्या पानावर खर्च, अगदी चहाचे पैसेसुद्धा. त्या दिवसाच्या तारखेपुढे त्यांच्या कारकुनी अक्षरात दोनच वाक्यं आहेत. 'धबधबा पाहिला. पाणी बेताचे.'

आयपॅडवर पुढे वाचताना मला हे अचानक आठवलं नाही, आठवायला भागच पडलं. कारण त्याच वर्षी, १९६९च्या जूनमध्ये, म्हणजे आम्ही सांगलीला परतल्यावर महिन्याभराने, अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी नायगारा कोरडा केला. सगळा नाही, त्यांच्या बाजूचा, अमेरिकन फॉल्स म्हणतात तो. काठापासून गोट आयलंडपर्यंत दगडमातीचा बांध घातला आणि पाणी शेजारच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या धबधब्याकडे वळवलं. पायथ्याशी दरडी कोसळून ढीग साठला होता, तो काढावा की नाही हे बघायचं होतं. नोव्हेंबरपर्यंत कडा उघडा पडला होता. आणि लोक तो बघायला आले! मुद्दाम, पाणी नाही म्हणून. नदीच्या तळाशी पर्यटकांनी वर्षानुवर्षं टाकलेली नाणी सापडली. शेवटी दगड आहेत तिथेच ठेवायचं ठरलं आणि पाणी परत सोडलं.

म्हणजे त्या उन्हाळ्यात दोन खंडांत दोन कोरडे कडे होते, आणि एकापुढे दादा चष्मा पुसत उभे होते. मला त्यांना हे सांगायचं होतं. त्यांनी लगेच आखणी केली असती. मुंबईहून बोट, खर्च उजव्या पानावर.

"लेबर डेचं नक्की करू या," जावई म्हणाला. "शनिवारी सकाळी सहाला निघायचं, चारशे मैल, थांबत थांबत संध्याकाळपर्यंत पोचू. बोट रविवारी. आई, बोटीत भिजायला होतं हं."

मी म्हटलं, मला रात्री पावणेदहाला धबधब्यावर उभं राहायचं आहे.

"दिवे बघायला? रंगीत असतात."

रंगीत दिव्यांचं मला काही नाही, मी म्हटलं. दहा वाजता पाणी कमी करतात. ते बघायचं आहे.

त्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने ह्यांच्याकडे. ह्यांनी पेपर वर धरला. नातू मात्र टेबलाखालून बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, कोण कमी करतं?" मी त्याला सायकलवरचा माणूस सांगितला, चावीसकट. आता तो लेबर डेची वाट बघतो आहे, आणि सायकल कुठे लावलेली असेल ते मला विचारत असतो.

कमी झालेलं पाणी डोळ्यांना दिसतं की नाही, कोण जाणे. ५० हजार घनफूट म्हणजेसुद्धा सेकंदाला १४ लाख लिटर. शरावतीच्या त्या धारेपुढे तर तो महापूरच. शिवाय आमच्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही, तेव्हा जे काय दिसेल ते अलीकडच्याच काठावरून. काठाच्या बाबतीत आमच्या घराण्याचं नशीब असंच आहे.

वाटेत कॉर्निंगला काचेचं म्युझियम आहे, पॅलोमारच्या दुर्बिणीसाठी १९३४ साली ओतलेला पहिला, बिघडलेला, २०० इंची आरसा तिथे ठेवलाय. लेकीला तो बघायचा आहे. बिघडलेला का, चांगला का नाही, असं ह्यांनी विचारलं. चांगला दुर्बिणीत बसवला, ती म्हणाली. मग ह्यांनी तिथे चहा मिळतो का ते विचारलं. म्युझियमला दोन तास धरले तर हॉटेलात पोचायला आठ वाजतात, इलेक्ट्रिक कुकर लावून भात होईपर्यंत नऊ, आणि पार्किंग शोधायला अर्धा तास. जावई आकडे पुढे-मागे करत बसला होता. लेकीचं म्हणणं, भात नको, मेथीचे ठेपले नेऊ. ह्यांचं म्हणणं, भाताशिवाय झोप येत नाही. मी म्हटलं, भात आल्यावर खाऊ. सव्वादहाला.

'आई-बाबा' रकान्यात त्याने काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'रात्री ९:४५, गोट आयलंड. खुर्ची न्यायची. भात नंतर.'