भांडायला कुणी आहे का?

अॅडमिशन मिळाली की कॉलेज आपलं झालं, असं असतं का हो? कॉलेज आपलं होतं ते कट्ट्यावर. कुणीतरी 'चल, कटिंग मारू' म्हणतं तेव्हा.

मास कॉमला माझी एक मैत्रीण होती. तिला अजिबात दिसत नसे. कागदावर सगळं तिच्या बाजूने होतं. २०१६च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवल्यात. परीक्षेला रायटर मिळतो, जादा वेळ मिळतो. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये तर २००३पासून दृष्टिहीनांसाठी खास रिसोर्स सेंटर आहे.

पण आमच्या ग्रुपवर नोट्स यायच्या त्या वहीचे फोटो काढून. तिच्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर 'फोटो' एवढंच बोलून गप्प! सिनेमाचा प्लॅन तिला न विचारताच ठरायचा. 'तिला उगाच त्रास कशाला?' वाईट कुणीच नव्हतं, सगळे काळजीवाले.

ती एकदा म्हणाली, "रस्ता क्रॉस करून द्यायला दहाजण धावतात गं. भांडायला कुणीच येत नाही."

थर्ड इयरच्या रेडिओ प्रोजेक्टला एडिटिंग तिच्याकडे आलं. एकाचं लाडकं निवेदन तिने सरळ उडवलं. पठ्ठ्या तावातावाने भांडला, तीही हटली नाही. त्या संध्याकाळी कँटीनमध्ये तिच्याइतकं खूश कुणीच नव्हतं.

तुमच्या ऑफिसातही असं कुणी असेल. मदत कराच, फाइल वाचता येईल अशी पाठवा. पण लंचला हाकही मारा. आणि पटलं नाही, तर बिनधास्त भांडा!