पावतीवर नसलेला शब्द

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका गृहस्थांनी घरच्या जुन्या मोटारीसाठी परगावच्या सुट्या भागांच्या दुकानातून फोनवरून रेडिएटर मागविला. ६,८०० रुपये आगाऊ भरले. माल आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. दुकानदाराच्याच सांगण्यावरून तो चौथ्या दिवशी ट्रान्सपोर्टने परत गेला. बिल्टी हाती राहिली. त्यानंतर सात आठवडे ना रक्कम, ना उत्तर. फोन उचलला गेलाच, तर "शेठ बाहेर गेले आहेत" एवढेच ऐकू येई.

रकमेपेक्षा हे मौन त्यांना अधिक बोचले. व्यापारी बंधूंच्या समूहावर धाडण्यासाठी एका रात्री त्यांनी सारी हकीकत लिहून काढली आणि सकाळी वडिलांना दाखविली. शेवटच्या ओळीत दुकानदाराला 'चोर' म्हटले होते.

"हा शब्द कोणत्या पावतीवर आहे?" वडिलांनी विचारले. "आपल्याजवळ बिल्टी आहे, बँकेची नोंद आहे. तेवढेच लिही. आणि चारचौघांत बोलण्याआधी त्याला एकदा रीतसर कळव. बाजारातली पत आपली असो की परक्याची, ती एका दिवसात उभी राहत नाही."

मुलाने कागद बाजूला ठेवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली आणि पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस स्पीड पोस्टाने पाठविली. मोटार घरच्या वापराची असल्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार त्यांना होता. पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाला तो मिळत नाही. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही, हेही त्यांनी विचारून घेतले.

मुदत उलटली, उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनी हकीकत समूहावर दिली. तीत केवळ तारखा, रक्कम आणि बिल्टीचे छायाचित्र होते. शेवटी एक ओळ होती : "दुकानदारांचे म्हणणे कळल्यास तेही येथे देईन."

तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा स्वतःचा फोन आला. हिशेब पाहणारा कारकून काम सोडून गेला होता. परत आलेले खोके गोदामात न उघडताच पडले होते आणि नोटीस इतर टपालात दबली होती. त्यांनी क्षमा मागितली आणि सायंकाळपर्यंत रक्कम जमा केली. गृहस्थांनी त्याच समूहावर, तितक्याच ठळकपणे, दोन्ही गोष्टी कळविल्या : पैसे मिळाले आणि विलंबाचे कारण हे होते.

'चोर' लिहिलेला तो कागद अजून गल्ल्यात होता. तो फाडताना त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी दिवाणजींना विचारले, "आपल्याकडे उत्तरावाचून पडलेली गिऱ्हाइकांची पत्रे किती असतील?"

दिवाणजी काही बोलले नाहीत. त्यांनी खालचा खण उघडला. त्या दिवशी पेढी नेहमीपेक्षा बरीच उशिरा बंद झाली.